मावळातील प्लेगची लस (१८९७) : धार्मिक मूलतत्त्ववादी अविश्वास आणि विज्ञानाची बाजू

प्रस्तावना

विज्ञान आणि धर्म यांच्या परस्परसंबंधांची चर्चा मराठीत बहुधा तत्त्वविचाराच्या पातळीवर होते. बुद्धिप्रामाण्य श्रेष्ठ की शब्दप्रामाण्य, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून विपुल लेखन झाले आहे. परंतु सामान्य माणसाच्या दारात विज्ञान प्रत्यक्ष उभे राहिले तेव्हा त्याने दार का लावून घेतले आणि ते पुढे कशामुळे उघडले, याचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. एखादी लस खरोखर गुणकारी आहे हे सिद्ध होणे आणि ती लोकांनी स्वीकारणे या दोन वेगवेगळ्या ऐतिहासिक घटना आहेत. पहिली प्रयोगशाळेत घडते, तर दुसरी समाजात घडते.

प्रस्तुत निबंधात १८९७ च्या पावसाळ्यात लोणावळे येथे झालेल्या प्लेगच्या लसीकरणाचा प्रसंग केंद्रस्थानी ठेवून पुणे-मुंबई परिसरातील लसविरोधाची मीमांसा केली आहे. त्या काळातील अविश्वासाला एकच उगम नव्हता. राज्यसत्तेविषयीचा अविश्वास, वैद्यकाच्या चुकांतून निर्माण झालेली भीती आणि धार्मिक मूलतत्त्ववादातून आलेला नकार हे तीन भिन्न प्रवाह होते. त्यांची गल्लत केल्यास विज्ञानाची बाजू दुबळी होते आणि ते वेगळे केल्यास ती अधिक भक्कमपणे मांडता येते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

'मूलतत्त्ववाद' ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. श्रद्धा बाळगणे, व्रतवैकल्ये करणे किंवा देवाची करुणा भाकणे म्हणजे मूलतत्त्ववाद नव्हे. ग्रंथातील वचन किंवा परंपरेने दिलेला अर्थ अंतिम आहे, प्रत्यक्ष अनुभव त्याच्या विरुद्ध गेला तरी अनुभवच खोटा मानला पाहिजे आणि इतरांनीही तो तसाच मानला पाहिजे, असा आग्रह म्हणजे मूलतत्त्ववाद होय. हा आग्रह कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही.

परिसर : लोहगडवाडी ते लोणावळे

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्या मधल्या गायमुख खिंडीजवळ लोहगडवाडी वसलेली आहे. मळवली स्थानकावरून भाजे गावातून वर चढत गेले की या वाडीत पोहोचता येते. खाली इंद्रायणीच्या खोऱ्यात भाजे आणि कार्ले येथील लेणी, त्यांच्या पायथ्याची भातखाचरे आणि पश्चिमेला घाटमाथ्यावरील लोणावळे असा हा प्रदेश आहे. सातवाहन काळापासून कोकणातील बंदरे आणि देश यांना जोडणारा मार्ग येथूनच जात असे. लोहगडाचे महत्त्वही पुष्कळ अंशी या मार्गावरील पहाऱ्याचेच होते.

१८६३ साली भोर घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि या जुन्या वाटेचे स्वरूप पालटले. लोणावळे हे रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे बनले. तेथे रेल्वेचे कारखाने, कर्मचाऱ्यांच्या वसाहती आणि बाजारपेठ उभी राहिली. ज्या गाडीने मुंबईचा पैसा, वृत्तपत्रे आणि नवे विचार मावळात आले, त्याच गाडीने पुढे प्लेगही आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्यानंतर हजारो लोकांनी मुंबई सोडली आणि ते कोकणात व घाटावर पांगले. त्यांच्याबरोबर सामानसुमान, धान्याची पोती आणि त्यांत दडलेले उंदीर व पिसवाही पांगल्या. पिसवांची ही भूमिका मात्र त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हती.

रोगाचे पारंपरिक आकलन

साथीच्या रोगाकडे पाहण्याची या प्रदेशातील पारंपरिक दृष्टी धार्मिक होती. पटकी आली की मरीआईचा कोप झाला असे मानले जाई आणि तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. अंगावर फोड उठणाऱ्या रोगाचे तर नावच 'देवी' असे होते. घरात मुलाला देवी आल्या म्हणजे साक्षात देवताच घरी आली आहे असे समजून घरात सोवळेओवळे पाळले जाई. औषधोपचार केल्यास देवीचा अवमान होईल अशी भीती असे.

तथापि हे आकलन म्हणजे निव्वळ अज्ञान होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि गाव मोकळे करून माळावर झोपड्या घालून राहावे, हा प्लेगच्या काळात खेड्यांतून रूढ झालेला उपाय अत्यंत परिणामकारक होता. उलट त्या वेळच्या अधिकृत वैद्यकाला उंदरांचे महत्त्व पुरेसे उमगले नव्हते. घरांवर कार्बोलिक द्रावणाचे फवारे मारणे आणि गटारे धुऊन काढणे यांवर सरकारी यंत्रणेचा भर होता. पिसवांमार्फत उंदरांकडून माणसाकडे रोग जातो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत केलेल्या प्रयोगातून दाखवले. ते सर्वमान्य होण्यास पुढे जवळजवळ एक दशक लागले. म्हणजेच लोकानुभवात सत्याचा अंश होता आणि तत्कालीन विज्ञानात चुकीचाही अंश होता.

विज्ञानाचे समर्थन करणाऱ्यांनी ही गोष्ट मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. विज्ञान आणि मूलतत्त्ववाद यांतील भेद एक नेहमी बरोबर आणि दुसरा नेहमी चूक असा नाही. चूक दाखवून दिल्यावर दोघे काय करतात, यात तो भेद आहे.

मराठी भाषेनेच या संक्रमणाची एक खूण जपून ठेवली आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या लहान मुलीला देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली आणि तेथून भारतात या लसीचा प्रसार सुरू झाला. कालांतराने लस टोचण्याच्या क्रियेलाच मराठीत 'देवी काढणे' असे म्हणू लागले. रोगाचे नाव देवी, रोगाच्या देवतेचे नाव देवी आणि रोगाला अटकाव करणारी लसही देवीच. देवता नाकारण्याची अट लोकांवर घातली गेली नाही. तिचे नाव नव्या उपायाला मिळाले आणि लस घरात आली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी रोगाचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, तेव्हा मावळातील वृद्धांच्या दंडावरचे व्रण 'देवी काढल्याची' खूण म्हणूनच ओळखले जात होते.

सक्ती आणि संताप

प्लेगच्या बाबतीत मात्र असा सावकाश समन्वय होण्यास अवकाश मिळाला नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि त्याने सरकारला अत्यंत व्यापक अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिपत्याखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांची झडती घेऊ लागल्या. सैनिक देवघरात व स्वयंपाकघरात शिरतात, सामानसुमान जाळले जाते, स्त्रियांची तपासणी चारचौघांत होते, नातेवाइकांना विलगीकरण छावणीत डांबले जाते, अशा तक्रारी सर्वत्र होत्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ३ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. चापेकर बंधूंच्या या कृतीमागे परकीय सत्तेविषयीचा द्वेष होता, तसाच धर्म भ्रष्ट होत असल्याचा संतापही होता.

या दोन भावना एकमेकींत मिसळल्या याची जबाबदारी मुख्यतः राज्यकर्त्यांकडे जाते. रोगनिवारणाच्या नावाखाली सोजिरांचे बूट देवघरात शिरले तेव्हा सामान्य माणसाच्या दृष्टीने वैद्यक, सरकार आणि परधर्म ही एकाच शत्रूची तीन नावे झाली. धार्मिक मूलतत्त्ववादाला याहून सुपीक जमीन मिळणे कठीण होते. शास्त्रात नाही ते सर्व त्याज्य, असे म्हणणाऱ्याला आता दारात उभा असलेला बंदूकधारी शिपाई पुरावा म्हणून दाखवता येत होता.

याच काळात दुसऱ्या प्रकारचेही एक उदाहरण पुण्याने पाहिले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. या सेवेतच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. त्यांच्या दवाखान्याच्या दारात बंदूक नव्हती.

लसीची निर्मिती आणि लोणावळ्याची नोंद

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असताना त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून ते भारतात त्या लसीचे प्रयोग करीत होते. मुंबईत प्लेगचा उद्रेक होताच ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना तेथे पाचारण करण्यात आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत, अत्यंत अपुऱ्या मनुष्यबळानिशी त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

या लसीच्या निर्मितीची पद्धत सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी मांसापासून तयार केलेले पोषक द्रव आवश्यक असे. गोमांस हिंदूंना आणि डुकराचे मांस मुसलमानांना निषिद्ध असल्याने हाफकिन यांनी शेळीच्या मांसाचा वापर केला. या द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले जात आणि त्या थेंबांच्या खालून जंतूंच्या वाढी गुहेतल्या लवणस्तंभांप्रमाणे लोंबत. पूर्ण वाढ झाल्यावर उष्णता देऊन जंतू मारले जात, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळले जात असे आणि मग ते द्रव टोचण्यासाठी वापरले जाई. लोकांच्या धर्मभावनेची दखल घेतल्याने लसीच्या गुणवत्तेत उणेपणा आला नाही. मात्र शाकाहारी समाजांच्या मनातील विटाळाची शंका शेळीच्या मांसाने मिटणार नव्हती.

जानेवारीअखेर मुंबईच्या भायखळा तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी लस टोचून घेतली. लस घेतलेल्या सुमारे दीडशे कैद्यांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्या सुमारे पावणेदोनशे कैद्यांत बाराजण आजारी पडले आणि त्यांतील सहाजण दगावले. एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर राहणाऱ्या माणसांची ही तुलना असल्याने तिला विशेष महत्त्व होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात लोणावळ्यात साथ पसरली आणि तेथेही अशी तुलना करण्याची संधी मिळाली. हाफकिन यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार सुमारे सातशे लोकांच्या वस्तीत सरासरीने ३२३ जण लस घेतलेले आणि ३७७ जण न घेतलेले होते. लस घेतलेल्यांत १४ जणांना प्लेग झाला आणि ७ जण मरण पावले. लस न घेतलेल्यांत ७८ जणांना प्लेग झाला आणि ५७ जण मरण पावले.

या आकड्यांचा अर्थ सोप्या त्रैराशिकाने समजतो. लस न घेतलेल्यांमध्ये दर शंभरी सुमारे १५ मृत्यू झाले. लस घेतलेल्यांमध्येही तेच प्रमाण राहिले असते तर ३२३ जणांत सुमारे ४९ मृत्यू झाले असते. प्रत्यक्षात ते ७ झाले. म्हणजे एका लहानशा गावात, एका पावसाळ्यात, चाळिसांहून अधिक माणसे वाचल्याचा हा हिशेब आहे. खडकीच्या छावणीतील नोंदींतही याच दिशेचा फरक दिसून आला.

अर्थात या तुलनेला मर्यादा होत्या. कोणाला लस द्यावी आणि कोणाला देऊ नये हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची आजची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. लस घेणारे लोक मुळातच अधिक सावध असू शकतात, हा आक्षेप त्यामुळे उरतोच. परंतु हा आक्षेप ज्या भाषेत मांडता येतो ती भाषाही विज्ञानाचीच आहे. अधिक चांगली तुलना करा, असे तो सांगतो; तुलनाच करू नका, असे सांगत नाही.

अविश्वासाचे तीन उगम

लसीला झालेल्या विरोधाचे पृथक्करण करताना तीन प्रवाह स्पष्टपणे वेगळे करावे लागतात.

पहिला प्रवाह राजकीय होता. सरकार लोकांना मारण्यासाठीच सुई टोचत आहे, अशा अफवांचा उगम सुईत नव्हता. तो झडती घेणाऱ्या पलटणीत होता. ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे आणि ज्याला जाब विचारता येत नाही, त्याने दिलेले औषध संशयास्पद वाटणे अस्वाभाविक नव्हे. या अविश्वासावरचा उपाय वैज्ञानिक नसून राजकीय होता. सक्ती मागे घेणे, प्रतिष्ठित नागरिकांना सहभागी करून घेणे आणि निर्णयांची कारणे लोकांना सांगणे हाच तो उपाय होय.

दुसरा प्रवाह अनुभवजन्य होता. लस टोचल्यावर ताप येई, दंड सुजे आणि मजुराचा एखाद-दुसरा दिवसाचा रोज बुडे. त्यातच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ही भीती निराधार नव्हती. तिच्यावरचा उपाय म्हणजे चौकशी, पारदर्शकता आणि सुधारणा.

तिसरा प्रवाह मूलतत्त्ववादी होता. रोग हे ईश्वरी शासन किंवा प्रारब्धाचा भोग आहे, त्यात हस्तक्षेप करणे पाप आहे, शास्त्रात न सांगितलेला उपाय त्याज्य आहे आणि प्राणिज पदार्थाचा शरीरात प्रवेश झाल्याने माणूस भ्रष्ट होतो, अशी त्याची मांडणी होती. पहिल्या दोन प्रवाहांपेक्षा हा मूलतः वेगळा आहे. कारण लोणावळ्याचा तक्ता कितीही स्पष्ट असला तरी या भूमिकेवर त्याचा काहीही परिणाम होऊ शकत नाही. कोणत्या पुराव्याने तुमचे मत बदलेल, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते.

ही वृत्ती केवळ भारतीय नव्हती. १७२२ साली लंडनमध्ये एडमंड मॅसी या धर्मोपदेशकाने, रोग ही ईश्वराने दिलेली कसोटी असल्याने टोचून घेणे पाप आहे असे प्रवचन केले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी बोस्टनमध्ये कॉटन मॅदर या दुसऱ्या धर्मोपदेशकाने टोचणीचा हिरिरीने पुरस्कार केला होता. ही पद्धत त्याला ओनेसिमस या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाकडून समजली होती. बोस्टनच्या त्या साथीत नैसर्गिक लागण झालेल्या सुमारे ५,९०० लोकांपैकी ८४४ मरण पावले. टोचून घेतलेल्या सुमारे २४० लोकांत ६ मृत्यू झाले. धर्मग्रंथ दोघा उपदेशकांचा एकच होता. फरक एवढाच की एकाने मृतांची संख्या मोजली आणि दुसऱ्याला मोजण्याची गरज वाटली नाही.

परंपरेतील दृक्प्रत्यय आणि धर्मनेत्यांची भूमिका

अनुभवाला प्रमाण मानण्याची वृत्ती पश्चिमेकडून उसनी आणली, असे म्हणणेही योग्य नाही. भारतीय प्रमाणशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण मानले गेले आहे. ज्योतिर्गणितात तर 'दृक्प्रत्यय' ही कसोटी सर्वपरिचित होती. गणिताने काढलेली ग्रहांची स्थिती डोळ्यांना दिसणाऱ्या स्थितीशी जुळली पाहिजे, हा तिचा अर्थ.

महाराष्ट्रात या कसोटीवरून प्लेगच्या आधीच एक मोठा वाद झाला होता. प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग १८६५ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. जुन्या ग्रंथांनुसार केलेल्या पंचांगांशी त्याचा मेळ बसत नसल्याने सणवार व एकादश्यांचे दिवस बदलू लागले आणि सनातनी मंडळींनी त्यास विरोध केला. छत्र्यांचे विद्यार्थी असलेल्या लोकमान्य टिळकांनी पुढे पंचांगसुधारणेचा पक्ष घेतला आणि १९०४ साली मुंबईत भरलेल्या ज्योतिष परिषदेत पुढाकार घेतला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासग्रंथाने, प्राचीन ज्योतिर्विदांनीही आपापल्या काळी जुन्या गणितात सुधारणा केल्या होत्या, ही गोष्ट साधार पुढे आणली.

या वादाचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे की धार्मिक आचार पाळणाऱ्या माणसांनीच अनुभवाची बाजू घेतली होती. ग्रंथ आणि ग्रह यांत विसंवाद आला तर ग्रंथाचे गणित बदलावे, ग्रहाला दोष देऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. लोणावळ्याच्या तक्त्यामागचे तत्त्व यापेक्षा निराळे नव्हते.

लसीच्या बाबतीतही असा एक धर्मनेता पुढे आला. इस्माइली खोजा समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान त्या वेळी जेमतेम विशीचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा. मुंबईतील आपला 'खुशरू लॉज' हा बंगला त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी उपलब्ध करून दिला. मुंबईतील हजारो खोजांनी त्यानंतर लस घेतली. जे काम पलटणीला साधले नाही ते एका उघड्या दंडाने साधले.

विज्ञानाची आत्मपरीक्षा

मूलतत्त्ववादी युक्तिवादात नेहमी एक दावा असतो की विज्ञान हाही एक धर्मच आहे, शास्त्रज्ञ हे त्याचे पुरोहित आहेत आणि त्यांचे शब्दही आंधळेपणानेच मानले जातात. प्लेग-लसीचा पुढील इतिहास या दाव्याची कसोटी पाहतो.

१८९८ साली प्राध्यापक टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय प्लेग आयोग नेमला गेला. आयोगाने हाफकिन यांचे आकडे जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. नोंदी ठेवण्याच्या पद्धतीतील दोष त्याने दाखवले आणि लसीच्या मात्रेत एकसारखेपणा नसल्याबद्दल टीका केली. मात्र लसीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण निश्चितपणे घटते, पण संपूर्ण संरक्षण मिळत नाही, हा निष्कर्ष त्याने मान्य केला. एखाद्या धर्मपीठाने आपल्याच आचार्याच्या वचनांची अशी छाननी केल्याची उदाहरणे विरळ आहेत.

मलकोवालच्या दुर्घटनेनंतर हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. लस मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा ठपका त्यांच्यावर आला. परंतु पुरावे पुन्हा तपासले गेले. बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक केला गेला नव्हता, ही बाब पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिन यांच्यावरील अन्यायाला वाचा फोडली आणि ते दोषमुक्त ठरले. या प्रकरणात विज्ञानव्यवस्थेने एका निरपराध माणसाला वर्षानुवर्षे शिक्षा भोगायला लावली, हे नाकारता येत नाही. मात्र त्याची सुटकाही पुरावे तपासण्याच्या त्याच पद्धतीने झाली. परळच्या ज्या प्रयोगशाळेतून त्यांना जावे लागले, तिला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

वर्तमान संदर्भ

हा इतिहास केवळ गतकालीन नाही. भारताच्या संविधानात १९७६ साली समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकवृत्ती यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. या कर्तव्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. दाभोलकरांचा विरोध देवधर्माला नव्हता, तर देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता. हा भेद त्यांनी सातत्याने मांडला असूनही तो त्यांच्या विरोधकांना मान्य झाला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये देशात कोविडच्या लसीकरणास प्रारंभ झाला. त्यासाठी वापरलेल्या लसींपैकी मोठा वाटा पुण्यातच तयार होत होता. तरीही लसीने वंध्यत्व येते, लसीत निषिद्ध पदार्थ आहेत, अशा अफवा पसरल्याच. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, त्यात लहान मुलांचे बळी गेले. लस न मिळालेल्या बालकांची मोठी संख्या हे त्याचे प्रमुख कारण होते. त्यामागे केवळ धार्मिक नकार नव्हता. दाट वस्ती, स्थलांतर, कुपोषण आणि महामारीच्या काळात खंडित झालेले नियमित लसीकरण हीसुद्धा कारणे होती. सर्व दोष धर्माच्या माथी मारला असता तर यांपैकी एकही कारण दूर झाले नसते. १८९७ च्या प्रसंगातून मिळणारा धडा येथे तंतोतंत लागू पडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १८९७ मधील लसविरोध हा एकजिनसी नव्हता. राजकीय, अनुभवजन्य आणि मूलतत्त्ववादी असे त्याचे तीन उगम होते आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा होता.

२. राज्यसत्तेची सक्ती मूलतत्त्ववादाला दुबळे करत नाही. ती त्याला अनुयायी मिळवून देते. पुण्यातील झडत्यांनी जे दुरावले, ते परत मिळवण्यास दीर्घ काळ लागला.

३. मूलतत्त्ववादाशी तडजोड आणि श्रद्धावान माणसाचा आदर या भिन्न गोष्टी आहेत. शेळीचे मांस वापरणे हा आदर होता. आकडे लपवले असते किंवा लस ऐच्छिक श्रद्धेचा विषय आहे असे म्हटले असते, तर ती तडजोड ठरली असती. हाफकिन यांनी पहिली गोष्ट केली, दुसरी केली नाही.

४. अनुभवप्रामाण्याला मराठी परंपरेत आधार आहे. पंचांगवादातील दृक्प्रत्ययाची कसोटी आणि लोणावळ्याचा तुलनात्मक तक्ता यांमागील तत्त्व एकच आहे.

५. विज्ञानाची खरी बाजू त्याच्या अचूकतेत नसून दुरुस्त होण्याच्या क्षमतेत आहे. प्लेग आयोगाची छाननी आणि मलकोवाल प्रकरणाचा फेरविचार ही त्याची साक्ष होय.

भारतात प्लेगने पुढील दोन-अडीच दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या संख्येपुढे लोणावळ्यात वाचलेली चाळीसएक माणसे नगण्य वाटतील. त्यांची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत. आपण वाचलो हे त्यांच्यापैकी कोणाला कधी कळलेही नसेल, कारण जो रोग झालाच नाही त्याची आठवण राहत नाही. रोगनिवारण करणाऱ्या विज्ञानाची ही कायमची अडचण आहे. त्याचे अपयश गावभर होते आणि त्याचे यश मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच मोजणे, मोजलेले लोकांसमोर ठेवणे आणि त्यावर शंका घेऊ देणे, हेच विज्ञानाच्या समर्थनाचे सर्वांत विश्वसनीय साधन ठरते. महाविद्यालयीन अध्यापकाच्या हाती तर दुसरे साधनही नाही.